इंग्रजीचे अवघड शब्द आणि गटाची पेटी

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



गेल्या वर्षी पाऊस लागायच्या आधीच्या सभेत आमच्या गटापुढे एक कर्जमागणी आली. रक्कम आठ हजार. बियाणं नाही, शेळी नाही, दवाखाना नाही. आमची एक सदस्य उभी राहून म्हणाली, "पोरीला इंग्रजीच्या शब्दांचा क्लास लावायचाय." थोडा वेळ कुणी काही बोललंच नाही. मग एक मावशी म्हणाल्या, "शब्द काय विकत मिळतात का गं?" सगळ्या हसल्या. मागणी करणारी मात्र हसली नाही.

तिची मुलगी बी.कॉम. झालेली. बँकेच्या क्लार्कची परीक्षा तिनं दोनदा दिली होती. दुसऱ्या खेपेला गणितात चांगले गुण, बुद्धिमत्तेत चांगले गुण, आणि इंग्रजीच्या विभागात पाऊण गुणानं खाली. एका विभागात खाली गेलं की बाकीचे गुण उपयोगाला येत नाहीत. घरात ठरलं होतं की आणखी एकच खेप द्यायची, नाही झालं तर स्थळं बघायला सुरुवात. मुलगी काही बोलत नव्हती, पण आईला कळत होतं.

कर्ज मंजूर झालं. वहीत कारणाच्या रकान्यात आम्ही 'शिक्षण' लिहिलं. पुढचं वर्षभर त्या कर्जाच्या मागे लागून आम्हीच जे शिकलो, ते आज सांगणार आहोत. हे भाषण करणारी आमच्यातली एक बी.ए. झालेली आहे, पण इंग्रजी तिलाही काठावरच सुटलं होतं. तेव्हा मास्तरीण म्हणून नाही, सोबतीण म्हणून ऐका.

आधी परीक्षा समजून घेऊ, कारण आपल्या पोरी काय देतात हे पुष्कळ आयांना माहीतच नसतं. सरकारी बँकांची क्लार्कची भरती आयबीपीएस या संस्थेच्या परीक्षेतून होते. स्टेट बँक आपली परीक्षा वेगळी घेते. पहिली, म्हणजे पूर्वपरीक्षा, एक तासाची आणि शंभर गुणांची. इंग्रजीचे 30 प्रश्न, गणिताचे 35, बुद्धिमत्तेचे 35, आणि प्रत्येक विभागाला 20 मिनिटं. नमुना अधूनमधून बदलतो, म्हणून जाहिरात निघाली की तिच्यात तो पाहून घ्यायचा. 2021 साली सरकारनं ठरवलं, की ही क्लार्कची परीक्षा मराठीसह 13 प्रादेशिक भाषांतही घ्यायची. त्यानं खेड्यातल्या मुलामुलींची मोठी सोय झाली. पण इंग्रजीचा विभाग इंग्रजीतच राहणार, तिथं भाषांतर नाही.

या विभागात शब्द सरळ विचारतात असं नाही. उताऱ्यात जागा मोकळी ठेवून तिथं कोणता शब्द बसतो ते विचारतात, वाक्यातला चुकीचा शब्द शोधायला लावतात, दोन शब्दांची अदलाबदल करायला सांगतात. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या परीक्षांत मात्र समानार्थी, विरुद्धार्थी, वाक्प्रचार, 'अनेक शब्दांबद्दल एक शब्द' असं थेट येतं. दोन्हीकडे वेळ कमी. 20 मिनिटांत 30 प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला 40 सेकंद. शब्द ओळखीचा असेल तर दहा सेकंदांत उत्तर येतं आणि उरलेला वेळ उताऱ्याला मिळतो. अनोळखी असेल तर मुलगी तिथंच अडकते आणि घाबरते. पाऊण गुण असेच जातात.

क्लास लागला. पहिल्याच दिवशी जाड पुस्तक हातात दिलं, त्यात तीन हजार शब्द. रोज शंभर पाठ करून या, असा हुकूम. विचारणार कुणी नव्हतं. महिन्यानं आम्ही त्यांच्या घरी गेलो. शेळीसाठी कर्ज दिलं की आपण शेळी बघायला जातो ना, तसंच! मुलगी पहाटे उठून यादी वाचत होती. शंभर शब्द, समोर शंभर अर्थ. संध्याकाळी आम्ही सहज विचारले तर आठ आठवले. वडील ओट्यावरून म्हणाले, "पैसे पाण्यात." मुलीचे डोळे भरले. आम्हालाही वाटलं, की गटाचे आठ हजार गेले.

त्याच संध्याकाळी एक गोष्ट घडली. आम्ही गटाची वही घेऊन बसलो होतो आणि बोलता बोलता म्हणालो, "अमक्या गटाचं बँकेचं लोन सँक्शन झालं." मुलगी एकदम म्हणाली, "सँक्शन? आमच्या यादीत त्याचा अर्थ निर्बंध दिलाय." आई म्हणाली, "निर्बंध कसला? सँक्शन म्हणजे मंजुरी. बँकेत मी तीनदा ऐकलंय." मुलीनं कोश काढला. दोघीही बरोबर. 'सँक्शन' म्हणजे मंजुरी, आणि एका देशानं दुसऱ्या देशाचा व्यापार रोखला तर त्यालाही 'सँक्शन'च म्हणतात. तो शब्द ती मुलगी परत विसरली नाही. यादीतल्या शंभरांतला तो एकच शब्द आईच्या तोंडून आला होता.

मग आम्ही वही पुढ्यात घेऊन शोधायलाच बसलो, की असे आणखी किती शब्द आपल्याकडे आधीच आहेत.

'क्रेडिट' घ्या. हा शब्द आपण रोज वापरतो. तो आला लॅटिन भाषेतल्या 'विश्वास ठेवणे' या क्रियापदावरून. विश्वास आहे म्हणून उसने पैसे, ते क्रेडिट. आता याची भावंडं बघा. 'इन्क्रेडिबल' म्हणजे विश्वास बसणार नाही असं. 'क्रेडिबल' म्हणजे विश्वासार्ह. 'क्रेड्युलस' म्हणजे कुणावरही चटकन विश्वास ठेवणारा, भोळसट. एक ओळखीचा शब्द धरला की तीन अनोळखी त्याच्या पाठोपाठ आले. आणि गंमत अशी, की भाषा अभ्यासणारे सांगतात, लॅटिनमधला हा शब्द आणि आपला 'श्रद्धा' हे एकाच जुन्या मुळातले आहेत. हे सभेत सांगितलं तेव्हा शब्द विकत मिळतात का म्हणणाऱ्या मावशी म्हणाल्या, "म्हणजे बँकेची आपल्यावर श्रद्धा आहे म्हणायचं! मग तीन-तीन हेलपाटे कशाला घालायला लावतात?"

'ऑडिट'चंही तसंच. आपल्याला वाटतं ऑडिट म्हणजे वह्या तपासणं. मुळात त्याचा अर्थ ऐकणं. पूर्वी हिशेब मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि तपासणारा तो ऐकायचा. म्हणून 'ऑडिओ', 'ऑडिअन्स' म्हणजे श्रोते, 'ऑडिबल' म्हणजे ऐकू येणारं, 'इनॉडिबल' म्हणजे ऐकू न येणारं. तुम्ही आत्ता आमची ऑडिअन्स आहात, आणि लाईट गेली तर आम्ही इनॉडिबल.

आशाताई सभेला होत्या. त्यांच्या रजिस्टरमधून तर खजिनाच निघाला. गरोदर बाईची एएनसी तपासणी असते, त्यातलं पहिलं अक्षर 'अँटेनेटल' या शब्दाचं. 'अँटे' म्हणजे आधी, 'नेटल' म्हणजे जन्माचं. बाळंतपणानंतरची पीएनसी म्हणजे 'पोस्टनेटल', 'पोस्ट' म्हणजे नंतर. त्यावरून 'इनेट' म्हणजे जन्मापासून अंगात असलेलं, उपजत. 'नेटिव्ह' म्हणजे जिथं जन्मला तिथला. 'नेसंट' म्हणजे नुकतंच जन्माला आलेलं. हा शेवटचा शब्द परीक्षेत येणारा आहे बरं का. 'ॲनिमिया' तर घराघरात माहीत. 'ॲन' म्हणजे नाही, पुढचा भाग रक्ताचा. हा 'ॲन' आणि आपला 'अन्' एकच. आपण अनाम म्हणतो, इंग्रजीत 'ॲनॉनिमस', म्हणजे नाव नसलेलं. निनावी पत्र येतं ना ग्रामपंचायतीत, तेच. अंगणवाडीताईंनी 'मालन्यूट्रिशन' दिला, म्हणजे कुपोषण. 'मॅल' म्हणजे वाईट. 'मॅलिस' म्हणजे मनातला वाईटपणा, आकस. 'मॅलेव्होलंट' म्हणजे दुसऱ्याचं वाईट चिंतणारा. त्याच्या उलट 'बेनिफिट'मधलं 'बेने', म्हणजे चांगलं. 'बेनेव्होलंट' म्हणजे भलं चिंतणारा, 'बेनिफॅक्टर' म्हणजे भलं करणारा, उपकारकर्ता. योजनेच्या यादीत आपलं नाव 'बेनिफिशरी' म्हणून लागतं, तेही याच घरातलं.

आता इथं एक गोष्ट स्पष्ट करायची आहे, कारण मोबाईलवर काहीही फिरत असतं. इंग्रजी संस्कृतातून निघाली, असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही. संस्कृत, ग्रीक, लॅटिन या एका फार जुन्या भाषेच्या लेकी आहेत. 1786 साली कलकत्त्यात विल्यम जोन्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशानं एका भाषणात हे नातं मांडलं आणि पुढं त्यावर मोठा अभ्यास झाला. इंग्रजीही त्याच कुळातली, आणि तिनं लॅटिन-ग्रीकमधून हजारो शब्द उसने घेतले. म्हणजे संस्कृत तिची आई नव्हे. या सगळ्या भावकीतल्या. तरी भावकीचा उपयोग होतोच. दंत आणि 'डेंटिस्ट', नाम आणि 'नॉमिनी', नव आणि 'नोव्हिस' म्हणजे नवशिका, मृत आणि 'मॉर्टल' म्हणजे मरण असलेला. शाळेतली परिमिती आणि इंग्रजीतलं 'पेरिमीटर' जवळ ठेवून बघा. प्रजा आणि 'प्रोजेनी', म्हणजे संतती. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर या नावांत सप्त, अष्ट, नव, दश बसलेले आहेत. मग सप्टेंबर सातवा का नाही? कारण रोमन लोकांचं जुनं वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं. आपलं चैत्रात होतं, साधारण तसंच.

आम्हाला सगळ्यात आवडला तो पाय. लॅटिनमध्ये पायाला 'पेड', आपलं पद. 'पेडल' माहीतच आहे. 'पेडेस्ट्रियन' म्हणजे पायी चालणारा. 'इम्पीड' म्हणजे अडथळा आणणं, मुळात पाय अडकवणं. मुलगी म्हणाली, हे लक्षात राहत नाही. तिची आजी जनावरं बांधून आत आली आणि म्हणाली, "अगं, पायबंद म्हण की." झालं! मराठीत आपण पायबंद घालणं म्हणतो, ते आणि 'इम्पीड' जसंच्या तसं. त्याच्या उलट 'एक्स्पेडाइट' म्हणजे पाय मोकळे करणं, काम लवकर उरकणं. आजीला सही येत नाही. अंगठा लावते.

पण मुळं धरून चालताना घसरायलाही होतं, आणि परीक्षा काढणारे नेमकं तिथंच पाणी सांडून ठेवतात. 'पेडिॲट्रिक्स' ऐकून आम्ही म्हणालो, पायाचा डॉक्टर. तर तो बालरोगाचा! तिथला 'पेड' ग्रीकमधला, त्याचा अर्थ मूल. 'इन' लागलं की उलट अर्थ होतो असं शिकलो, आणि पेट्रोलच्या टँकरमागं लिहिलेलं 'इन्फ्लेमेबल' वाचून वाटलं, हा पेटत नसावा. मैत्रिणींनो, तो पेटतो, भसकन पेटतो. 'इनव्हॅल्युएबल' म्हणजेही बिनमोलाचं टाकाऊ नाही, मोल करता येणार नाही इतकं मौल्यवान. आशाताईंचं 'अँटे' म्हणजे आधी, पण 'अँटीडोट'मधलं 'अँटी' म्हणजे विरुद्ध. अँटीडोट म्हणजे विषावरचा उतारा. ऐकायला सारखंच वाटतं, स्पेलिंगमध्ये एकात ई आणि दुसऱ्यात आय. 'प्रिन्सिपल'चं तर विचारूच नका. मुद्दल आणि मुख्याध्यापक या दोन्ही अर्थांना शेवटी ए-एल, आणि तत्त्व म्हटलं की एल-ई. रेडिओवर स्पेलिंग दिसत नाही, म्हणून हे सगळं मुलींनी वहीत इंग्रजी अक्षरांत लिहून डोळ्यांखाली घालायचंच आहे. मूळ हा अंदाज आहे, खात्री कोशातच करायची. कोश असा घ्यायचा की ज्यात अर्थापुढं वाक्य दिलेलं असतं. मोबाईल पुष्कळदा एकच अर्थ दाखवून मोकळा होतो, आणि 'सँक्शन'सारखा शब्द असला की फसवतो.

अर्थ कळला, पण टिकणार कसा? पहाटे वाचलेले शंभर शब्द संध्याकाळी आठ का होतात, हे एका जर्मन माणसानं शोधून ठेवलं आहे. हर्मन एबिंगहाउस त्याचं नाव. त्यानं स्वतःवरच प्रयोग केले. अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि किती वेळानं किती विसरलो ते मोजायचं. 1885 साली त्यानं पुस्तक छापलं. त्याला दिसलं ते असं, की सुरुवातीच्या काही तासांतच माणूस झपाट्यानं विसरतो, मग विसरणं मंदावतं. आणि एका बैठकीत खूप वेळा घोकण्यापेक्षा मध्ये दिवस सोडून परत केलेलं जास्त टिकतं. पुढं 1970 च्या दशकात सेबास्टियन लाइटनर या माणसानं त्यावरून कार्डांची पेटी सुचवली. आम्ही ती पेटी आपल्या सोयीनं केली.

बुटांचा रिकामा खोका घेतला. पुठ्ठे आडवे लावून चार कप्पे केले. कार्डांना पैसे घातले नाहीत, जुन्या लग्नपत्रिका कापल्या, कोऱ्या बाजू लिहायला चांगल्या असतात. प्रत्येक कार्डाच्या एका बाजूला मुलीनं इंग्रजी अक्षरांत शब्द लिहिला. दुसऱ्या बाजूला मराठीत तीन ओळी. पहिल्या ओळीत शब्दाचा उच्चार, दुसरीत अर्थ, आणि तिसरीत आपल्या घरातलं, गावातलं एक वाक्य. मराठी बाजू विचारणारीकडे. म्हणजे इंग्रजी एक अक्षर न येणारी आईसुद्धा विचारू शकते. 'इम्पीड म्हणजे काय?' आई वाचते, मुलगी सांगते, आई पडताळून बघते. दुसऱ्या दिवशी उलटं, आई अर्थ सांगते आणि मुलगी शब्द ओळखून स्पेलिंग म्हणते. त्या वेळी कार्डाची इंग्रजी बाजू मुलीनं शेवटी स्वतः बघायची.

पहिल्या कप्प्यातली कार्डं रोज. उत्तर आलं की कार्ड दुसऱ्या कप्प्यात, ती तीन दिवसांनी. तिथंही आलं की तिसऱ्यात, ती आठवडी बाजाराच्या दिवशी. चौथा कप्पा महिन्याच्या सभेच्या दिवशी. बाजार आणि सभा कुणी विसरत नाही, म्हणून तारखा वेगळ्या लिहायची गरज पडली नाही. आणि चुकलं की कार्ड कुठल्याही कप्प्यातलं असो, परत पहिल्यात. इथं आयांनी लाड केले. "येतंय गं तिला, जरा अडखळली" म्हणून कार्ड पुढं सरकवायच्या. आम्ही सांगितलं, थकलेला हप्ता वहीत भरला म्हणून दाखवतो का आपण? मग सुधारलं.

सुरुवातीला आम्हीही चूक केली. रोज चाळीस नवी कार्डं घातली. दहा दिवसांत पहिला कप्पा इतका फुगला की मुलगी खोक्याकडे बघेना. मग सहावर आलो. सहा म्हणजे अगदीच थोडे, असं वडिलांना वाटलं. पण रोज सहा म्हणजे दोनशे दिवसांत बाराशे, आणि ते राहतात. त्या जाड पुस्तकातून मग आम्ही निवड करायला शिकलो. आधी जुन्या प्रश्नपत्रिकांत आलेले शब्द, मग त्यांची भावंडं, आणि जे कुठंच भेटत नाहीत ते सोडून द्यायचे.

तिसऱ्या ओळीतलं वाक्य हे काम मात्र मुलीनं एकटीनं करू नये, घरच्यांनी करावं असं आम्ही म्हणू. कारण परीक्षेत दोन जवळचे शब्द शेजारी ठेवतात आणि त्यातली छटा विचारतात. 'फ्रूगल' आणि 'माइझरली' दोन्हीचा अर्थ यादीत 'कमी खर्च करणारा'. आईनं वाक्य दिलं, "मी फ्रूगल, तुझी आत्या माइझरली." काटकसर आणि चिक्कूपणा यातला फरक बचत गटातल्या बाईला कोश उघडून बघावा लागत नाही. (आत्या रेडिओ ऐकत नाहीत, अशी आशा.) 'प्रोक्रॅस्टिनेट' हा लांबलचक शब्द, त्यात लॅटिनमधला 'उद्या' लपलेला आहे. उद्या करू, उद्या करू म्हणत पुढं ढकलणं. त्याचं वाक्य घरकुलाच्या हप्त्यावरून झालं, ते इथं सांगत नाही.

'युफेमिझम' या शब्दावर मुलगी आठवडाभर अडली होती. कटू गोष्ट सौम्य करून बोलणं, असा अर्थ पुस्तकात. पाठ व्हायचा आणि उडायचा. एके दिवशी भांडी लावताना आजीची काचेची बांगडी फुटली आणि आजी सवयीनं म्हणाली, "बांगडी वाढली गं." मुलगी जागेवरच थांबली. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. दिवा विझवला म्हणायचं नाही, दिवा वाढवला. हेच युफेमिझम! त्यातला 'यु' म्हणजे आपला 'सु', चांगलं. कार्डावर तिनं वाक्य लिहिलं, बांगडी वाढली.

वाक्प्रचारांचं खातं तर आजीकडेच दिलं. 'वन्स इन अ ब्लू मून' म्हणजे फार क्वचित. आजी म्हणाली, उंबराचं फूल. 'क्रोकोडाइल टिअर्स' तर सरळच, मगरीचे अश्रू. 'टू ॲड फ्युएल टू द फायर', आगीत तेल ओतणं. 'टू किक द बकेट' वाचलं तेव्हा मावशी म्हणाल्या, "रागानं बादलीला लाथ मारली असणार." अर्थ निघाला मरणं. "मग राम म्हणला असं म्हणा की, बादलीनं काय घोडं मारलंय!" त्या दिवशी पुढची कार्डं झालीच नाहीत, सगळ्या हसत बसल्या. पण तो वाक्प्रचार आमच्यापैकी एकही बाई विसरलेली नाही, आणि परीक्षा तर आम्हाला द्यायचीही नाही.

जाता जाता इंग्रजीनं आपल्याकडून घेतलेल्यातलं एक सांगतो. इंग्रजीत मुंगसाला 'मंगूस' म्हणतात. तो शब्द मराठीतून गेला आहे.

आता एक कडू गोष्ट. तीन महिने पेटी नीट चालली आणि मग दिवाळीच्या आसपास पंधरा दिवस बंद पडली. आम्ही विचारलं तर आई म्हणाली, वेळ नाही मिळाला. वेळ कुणाला नाही मिळाला? घरात माणसं वाढली होती, स्वयंपाक, भांडी, धुणं, रानात कापूस. सगळं त्या मुलीच्या अंगावर. परीक्षेची तयारी करणारा मुलगा घरात असला तर त्याला पाण्याचा तांब्या जागेवर मिळतो. मुलीला म्हणतात, पोळ्या करता करता पाठ कर. पोळ्या लाटताना कार्ड विचारलं तर चालतं, उलट बरंच होतं. पण नवा शब्द लिहायला, कोश बघायला, उतारा वाचायला बूड टेकून दोन तास लागतात. ते दोन तास कुणीतरी आपल्या वाट्यातून काढून द्यावे लागतात. आमच्या सभेत हा विषय निघाला, आवाज चढले, दोघी रुसल्याही. शेवटी त्या मुलीची संध्याकाळची भांडी तिच्या भावानं घासायची असं ठरलं. तो बारावीला आहे. आता कुरकुर न करता घासतो असं आम्ही म्हणणार नाही, पण घासतो.

परीक्षेच्या आधी एक हिशेब मुलीनंच आम्हाला समजावला. या परीक्षेत एका प्रश्नाला पाच पर्याय असतात, बरोबर आलं तर एक गुण, चुकलं तर पाव गुण कापतात. डोळे मिटून पाच प्रश्नांना उत्तरं दिली तर सरासरीनं एक बरोबर, चार चूक. एक मिळाला, चार पाव गेले, हाती शून्य. पण शब्दाचं मूळ ओळखून दोन पर्याय खोडता आले, तर उरलेल्या तिनांत एक बरोबर, दोन चूक. एक मिळाला, अर्धा गेला, हाती अर्धा. म्हणून अर्धवट ओळखीचा शब्दही फुकट जात नाही. आणि अजिबात ओळख नसेल तर तिथं वेळ घालवायचा नाही, पुढं जायचं. ती पाऊण गुणानं राहिली होती, म्हणून हा हिशेब तिला बोटांवर पाठ आहे.

पूर्वपरीक्षा झाली. इंग्रजीच्या विभागात ती पास झाली, एकूण गुणांतही बसली. मुख्य परीक्षेत थोडक्यात राहिली. या वेळी अडलं ते बँकिंगच्या सामान्य ज्ञानात, इंग्रजीत नाही. आम्हाला वाटलं, आता घरचे स्थळं बघणार. वडील दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी आईला विचारलं, "पुढचा फॉर्म कधी निघतो?" तेवढंच. स्थळांचा विषय संपलेला नाही, पुढं ढकलला आहे, हे त्या मुलीला आणि आम्हालाही माहीत आहे. सध्या ती गटाच्या वह्या लिहिते, महिन्याला थोडे पैसे घेते, आणि त्यातून कर्जाचा हप्ता भरते. तीन हप्ते राहिलेत.

बुटांचा खोका फाटला, म्हणून तिनं आता पत्र्याची पेटी केली आहे. जुना खोका चिकटपट्टी लावून वरच्या आळीतल्या दोन मुली घेऊन गेल्या. त्या स्टाफ सिलेक्शनची तयारी करतात, म्हणून समानार्थी-विरुद्धार्थी कार्डं त्यांनी वेगळी घातली आहेत. तुमच्या गटात सुरू करायचं असेल तर पुढच्या सभेला जुन्या लग्नपत्रिका, एक खोका आणि आशाताईंना घेऊन या. आजी घरी असतील तर त्यांनाही.